कापले किती ते दिसते. गेले कुठे तेही छापावे

प्रति,
मा. केंद्रीय भविष्य निर्वाह निधी आयुक्त,
कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, नवी दिल्ली.

विषय : पगारपत्रकावर अंशदानाचा व करसवलतीचा पूर्ण तपशील मराठीतून देण्याबाबत.

महोदय,

चाकण, वाळूज, बुटीबोरी किंवा गोव्यातील वेर्णा येथील कामगाराच्या हाती दरमहा पडणाऱ्या पगारपत्रकावर बहुधा 'पीएफ' या दोन अक्षरांपुढे एकच आकडा असतो. त्यावरून पगारातून किती रक्कम वजा झाली एवढेच समजते. मालकाने त्याच कारणासाठी किती भर घातली, त्या भरीचा कोणता भाग निधीत आणि कोणता निवृत्तिवेतनात गेला, आणि या साऱ्याचा आयकराशी काय संबंध पोचतो, हे त्या कागदावर क्वचितच सापडते.

१९५२ च्या कायद्याने उभ्या केलेल्या या व्यवस्थेत मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेवर सर्वसाधारणपणे १२ टक्के कामगार देतो आणि तेवढेच मालक देतो; मात्र कामगाराचे १२ टक्के पूर्णपणे त्याच्या भविष्य निर्वाह निधीत जमा होतात, तर मालकाच्या वाट्यातून ८.३३ टक्के १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेकडे वळतात आणि उरलेलेच निधीत येतात. निवृत्तिवेतनाकडे वळणाऱ्या या रकमेला वेतनमर्यादेची कात्री लागते. १ सप्टेंबर २०१४ पासून ही मर्यादा १५,००० रुपये ठरल्यामुळे, ज्या कामगाराची सुरुवात या मर्यादेच्या आतील वेतनावर झाली आणि आज ज्याची ही बेरीज २०,००० रुपये आहे, त्याच्या बाबतीत पूर्ण वेतनावर अंशदान होत असल्यास त्याचे २,४०० रुपये निधीत जातात आणि मालकाच्या २,४०० रुपयांपैकी १,२५० निवृत्तिवेतनाकडे व १,१५० निधीकडे जातात. मालकाने अंशदान १५,००० च्या मर्यादेपुरतेच ठेवले, आणि तसे करणे नियमबाह्य नाही, तर पगारपत्रकावर १,८०० चा आकडा दिसतो व मालकाकडून निधीत येणारी रक्कम ५५० रुपयांवर उतरते. शेजारी शेजारी काम करणाऱ्या आणि सारखेच मूळ वेतन असलेल्या दोघांच्या म्हातारपणाच्या पुंजीत पडणारे अंतर या निर्णयातून येते, आणि तो निर्णय पगारपत्रकावर कुठेही लिहिलेला नसतो.

निवृत्तिवेतनाकडे गेलेल्या १,२५० रुपयांचे स्वरूपही वेगळे आहे. निधीतील रक्कम सभासदाच्या नावावर व्याजासह वाढते. निवृत्तिवेतनाचे अंशदान मात्र सामायिक निधीत मिसळते, आणि त्यातून मिळणारी रक्कम जमा शिलकेवरून न ठरता, निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागल्यावर येते. १५,००० रुपये वेतनावर १४ वर्षे सेवा झालेल्याला वयाच्या ५८ व्या वर्षी या सूत्राने दरमहा ३,००० रुपये मिळतात, तर किमान १० वर्षांची सेवा नसलेल्याला मासिक निवृत्तिवेतनाचा हक्कच नसतो. शिवाय सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० हून अधिक वेतनावर प्रथमच नोकरीस लागलेली व्यक्ती या योजनेत येत नाही आणि मालकाचे सारे अंशदान तिच्या निधीत जायला हवे. ते चुकून निवृत्तिवेतनाकडे वळले, तर पगारपत्रकावरचा कपातीचा आकडा तोच राहत असल्याने ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

करसवलतीचा गोंधळ याहून दाट आहे. करसवलत म्हणजे सरकारने खात्यात घातलेली भर, असा समज अनेकांचा असतो. वास्तविक ती करपात्र उत्पन्नातून होणारी वजावट आहे. जुन्या करपद्धतीत कामगाराचे स्वतःचे अंशदान '८०सी' या नावाने परिचित असलेल्या दीड लाखाच्या मर्यादेत वजा होते, आणि २० टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याचा, ४ टक्के उपकर धरून, दर शंभर रुपयांमागे २० रुपये ८० पैसे कर वाचतो. परंतु आयुर्विम्याचे हप्ते, मुलांचे शिक्षणशुल्क आणि गृहकर्जाच्या मुद्दलाची फेड हीदेखील त्याच दीड लाखात बसवावी लागतात. २०२३-२४ पासून नवी करपद्धती ही आपोआप लागू होणारी पद्धती झाली, आणि तीत ही वजावट नाही. म्हणून ज्याने मालकाला आपली निवड कळवली नाही, त्याची कपात चालूच राहते, पण पगारातून कर कापताना त्या कपातीवरची सवलत धरली जात नाही. मालकाचे वेतनाच्या १२ टक्क्यांपर्यंतचे अंशदान मात्र दोन्ही पद्धतींत कामगाराचे उत्पन्न धरले जात नाही. याचा अर्थ असा की, अनेकांच्या बाबतीत जी करसवलत आज प्रत्यक्ष मिळते, ती पगारपत्रकावर न दिसणाऱ्या वाट्यावरच मिळते.

हा तपशील छापणे अवघड असल्याची सबब मालकांना देता येणार नाही, कारण संघटनेकडे दरमहा चलनासोबत भराव्या लागणाऱ्या विवरणात प्रत्येक सभासदासमोर निधीसाठीचे वेतन, निवृत्तिवेतनासाठीचे वेतन, कामगाराचा वाटा, निवृत्तिवेतनाचे अंशदान आणि मालकाच्या वाट्यातील उरलेली रक्कम असे स्वतंत्र रकाने आधीच भरलेले असतात. पासबुकात हे आकडे नंतर उमटतात हे खरे. परंतु ते पाहण्यासाठी सार्वत्रिक खाते क्रमांक सुरू केलेला असावा लागतो, भ्रमणध्वनी क्रमांक जोडलेला असावा लागतो आणि मुळात काय शोधायचे हे ठाऊक असावे लागते. नियुक्तिपत्रातील एकूण खर्चात, म्हणजे 'सीटीसी'त, मालकाचा वाटा ठळकपणे मोजला जातो, आणि पुढे पगारपत्रकात मात्र तो गायब होतो, ही विसंगती तर कोणत्याही हिशेबनिसाला खटकावी अशी आहे.

म्हणून अशी विनंती आहे की, संघटनेने केंद्रीय न्यासी मंडळामार्फत श्रम व रोजगार मंत्रालयाकडे शिफारस करून पगारपत्रकावर पाच ओळी सक्तीच्या कराव्यात : अंशदान कोणत्या वेतनावर मोजले, कामगाराचा वाटा किती, मालकाच्या वाट्यातून निधीत किती व निवृत्तिवेतनात किती, कामगाराला कोणती करपद्धती लागू आहे, आणि मागील महिन्याचे अंशदान कोणत्या तारखेला भरले. ही रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणे मालकावर बंधनकारक असल्यामुळे शेवटची ओळ छापण्यात प्रामाणिक मालकाचे काहीच बिघडत नाही. महाराष्ट्रातील आस्थापनांत या ओळी मराठीतही असाव्यात. पगारातून पैसे कापण्यासाठी कामगाराची परवानगी लागत नाही. निदान त्या पैशाचा हिशेब त्याच्या भाषेत त्याच्या हाती पडावा.

कळावे,
निधीच्या सभासदांच्या वतीने