पैशांचा ताळेबंद होतो, उपचारांचा का नाही?

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांच्या रुग्णालयांना दरवर्षी आपले हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावे लागतात. देणग्या किती आल्या, औषधांवर किती खर्च झाला, हे पैपैच्या हिशेबाने मांडले जाते. मात्र त्याच रुग्णालयात वर्षानुवर्षे येणाऱ्या मधुमेहींपैकी किती जणांची साखर ताब्यात आली, किती जणांचे डोळे तपासले गेले आणि किती जणांचे पाय कापावे लागले, याचा जाब विचारणारा कोणी नाही. शासकीय रुग्णालये आणि खासगी दवाखाने यांचीही कथा निराळी नाही. रुपयाचा हिशेब चुकला तर नोटीस येते. मूत्रपिंड निकामी झाले तर ते रुग्णाचे प्रारब्ध ठरते!

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाने २०२३ साली देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी सांगितली, आणखी १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर उभे. हा आकडा सर्वत्र छापून आला. त्याच सर्वेक्षणाचा २०२२ मधील एक निष्कर्ष मात्र फारसा चर्चिला गेला नाही आणि खरी चीड यावी ती त्याचीच. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकी जेमतेम ३६ टक्क्यांची साखर नियंत्रणात होती. साखर, रक्तदाब आणि घातक कोलेस्टेरॉल ही तिन्ही मर्यादेत असणारे होते केवळ ७.७ टक्के. तेरा जणांत एक! उरलेल्या बारांचे काय चालले आहे?

यात गूढ काही नाही. वर्षातून किमान एकदा मधुमेह्याचे काय तपासावे, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच ठरवून दिले आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, वजन, धूम्रपानाची विचारणा, डोळ्यांचा पडदा आणि पाय. पायाच्या संवेदना तपासायला लागतो नायलॉनचा एक धागा आणि दोन-तीन मिनिटे. पण त्यासाठी रुग्णाला पायमोजे उतरवायला सांगावे लागते. वाचकांनी आठवून पाहावे, हे शेवटचे कधी घडले?

इंग्लंडमध्ये २००३-०४ पासून ‘राष्ट्रीय मधुमेह परीक्षण’ चालते. कोणत्या भागात, कोणत्या दवाखान्यात किती रुग्णांच्या या तपासण्या झाल्या, ते तेथे प्रसिद्ध होते. स्वीडनची मधुमेह नोंदवही १९९६ पासूनची. इंग्रजांचे अनुकरण कशाला, असे कोणी म्हणेल. प्रमेहाचे वीस प्रकार चरकसंहितेने सांगितले, हे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतोच. पण त्या अभिमानाने आज एकही पाय वाचत नाही.

शासनाने २०१० मध्ये असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. रक्तदाब व मधुमेहाच्या ७.५ कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट २०२३ मध्ये जाहीर झाले. संकल्प स्तुत्य आहे. परंतु उद्दिष्ट म्हणून पुढे ठेवला गेला तो उपचारांखाली आणलेल्यांचा आकडा, बरे चाललेल्यांचा नव्हे. आयुष्मान योजनेचे विमाकवच रुग्णालयात दाखल झालेल्यालाच मिळते. सडलेला पाय कापण्याचा खर्च ती उचलते. तो सडू नये म्हणून बाह्यरुग्ण विभागात करायच्या तपासण्या तिच्या कक्षेबाहेर! आणि आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. मंडळे, सेवाभावी संस्था, आपले कार्यकर्तेही शिबिरे घेतात, शेकडो बोटांना सुया टोचतात आणि आकडा अहवालात लिहितात. साखर वाढलेली सापडली, त्या माणसाकडे सहा महिन्यांनी कोण गेले?

डॉक्टर म्हणतात, ‘रुग्णच ऐकत नाहीत.’ हे अंशतः खरे आहे. साखर ताब्यात न येणे हा काही वेळा रुग्णाचा दोष असेल; पण पाय तपासलाच नाही, हा कोणाचा? म्हणूनच परीक्षणात निष्कर्ष आणि तपासण्या यांची नोंद वेगवेगळी हवी. दुसरा आक्षेप, आकडे रंगवले जातील. जातील! त्यासाठी रुग्णालयाबाहेरच्या व्यक्तीने वाटेल ते शंभर केसपेपर काढून पाहावेत. आपल्याकडे मातामृत्यूंचे अन्वेषण चालतेच ना? एकेका मृत्यूमागे विलंब कुठे झाला, हे तेथे विचारले जाते. मधुमेही मात्र एका दिवसात मरत नाही, म्हणून त्याची चौकशी नाही.

प्रारंभ न्यासांच्या रुग्णालयांपासून करावा. ती समाजाच्या दानावर आणि करसवलतींवर उभी आहेत, तेव्हा समाजाला विचारण्याचा अधिकार आहे. वार्षिक हिशेबासोबत एक पान जोडावे: एकूण मधुमेही किती, वरील प्रत्येक तपासणी किती जणांची झाली, तिन्ही गोष्टी किती जणांच्या ताब्यात आहेत, अवयवच्छेद किती, डायलिसिसवर किती गेले. विश्वस्त मंडळांवर आपल्यापैकी अनेक जण आहेत. कायदा बदलण्याची वाट न पाहता पुढच्या बैठकीत हे पान मागायला त्यांना कोणी अडवलेले नाही.