सुधारणा कोणती, प्रयोग कोणता?

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. औषधपुरवठा, अपुरा कर्मचारीवर्ग यांची चर्चा झाली. ती व्हावयासच हवी होती. परंतु या प्रसंगातून आणखी एक प्रश्न उद्भवतो. एखाद्या कक्षातील मृत्यूंची कारणे तपासून तेथील कामाची पद्धत बदलणे, हे मानवावरील संशोधन मानावयाचे काय? मानल्यास नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णांची संमती हा प्रश्न येतो. न मानल्यास काम उद्याच सुरू करता येते. नांदेड काय किंवा लातूर काय, जेथे रुग्णसेवा आणि अध्यापन एकाच छपराखाली चालते, तेथे हा प्रश्न टाळता येत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी संस्थेअंतर्गत गुणवत्ता-तपासणीला समितीच्या छाननीतून सूट देण्याची सोय ठेवली आहे. ती योग्यच आहे. अर्भकाला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत, हे नव्याने सिद्ध करावयाचे नाही. ते होते की नाही हे पाहणे आणि दर महिन्याला जंतुसंसर्ग मोजणे, हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. त्यासाठी प्रत्येक मातेची सही मागणे म्हणजे कर्तव्यालाच परवानगी मागणे होय. अमेरिकेत याचा अनुभव आला. मिशिगन राज्यातील शंभरावर अतिदक्षता कक्षांत पाच साध्या खबरदाऱ्यांची यादी पाळल्याने रक्तातील जंतुसंसर्ग लक्षणीय घटला. पण हे संशोधन असून त्याची रीतसर छाननी झाली नाही, असा आक्षेप २००७ मध्ये तेथील सरकारी कार्यालयाने घेतला आणि माहिती-संकलन थांबले. टीकेनंतर २००८ मध्ये ते पुन्हा सुरू होऊ शकले.

याची दुसरी बाजू पाहण्यास मराठवाड्याबाहेर जावे लागत नाही. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मोठा अभ्यास झाला. १९८२ पर्यंत लातूरही याच जिल्ह्यात होते. गावांचे ५२ गट पाडून सुमारे १,३१,००० स्त्रियांची विभागणी करण्यात आली. कोणत्या गटाला कोणती चाचणी, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले. तुलनेच्या गटाला चाचणी नव्हती, केवळ माहिती आणि नेहमीची सेवा होती. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात या रोगाचे ३४ मृत्यू, तर तुलनेच्या गटात ६४. जगाला मोलाचे ज्ञान मिळाले. तुलनेच्या गटाला चाचणीविना ठेवणे न्याय्य होते काय, यावर कडाक्याचा वादही झाला. त्या भागात अशी तपासणी मुळीच उपलब्ध नव्हती, हे समर्थकांचे उत्तर होते. वादाचा निर्णय कोणी कसाही करो. हे काम संशोधन म्हणून झाले, म्हणूनच त्याला जाब विचारता आला. 'सेवासुधारणा' या नावाखाली ते झाले असते, तर जाब विचारावयास जागाच उरली नसती.

तेव्हा कसोटी नावात नाही, लेख छापला जाणार की नाही यातही नाही. उपाय आधीच सिद्ध आहे काय, आणि रुग्णाचा उपचार त्याच्या गरजेने ठरतो की अभ्यासाच्या आराखड्याने, हे दोन प्रश्न विचारावेत. निम्म्या अर्भकांना एक औषध आणि निम्म्यांना दुसरे, असे चिठ्ठीने ठरू लागले की फाइलीवर काहीही लिहिलेले असो, ते संशोधनच. मात्र याचा निवाडा काम करणाऱ्या डॉक्टरानेच करू नये. तो समितीने करावा, आणि आठवड्याभरात करावा. विलंब करणारी समिती चांगल्या कामाला सूट शोधावयास भाग पाडते.

किनवट, मुखेड किंवा उदगीरकडून आलेला रुग्ण पुढे केलेल्या कागदावर बहुधा न विचारता अंगठा उठवितो. त्याला उत्तम सेवा मिळण्याचा हक्क आहे आणि आपल्यावर प्रयोग होत असल्यास ते कळण्याचाही हक्क आहे. पहिला हक्क कागदांच्या ढिगाखाली गाडला जाऊ नये आणि दुसरा 'सुधारणा' या गोंडस शब्दाआड लपविला जाऊ नये. सीमारेषा आखावयाची ती एवढ्याचसाठी.