कुलुपाआडचीं पुस्तकें

बालग्रंथपाल नांवाचा एक स्वतंत्र पेशा जगांत आहे, आणि त्यांत सारें आयुष्य घालविणाऱ्या सुशिक्षित स्त्रिया पुष्कळ आहेत, ही गोष्ट आपल्याकडील बऱ्याच घरांत अजून नवलाची वाटते. मुलांस पुस्तकें द्यावयाचीं म्हणजे कपाटाचें कुलूप काढावयाचें, वहींत आंकडा मांडावयाचा आणि पुन्हां कुलूप लावावयाचें. एवढ्यासाठीं निराळें माणूस तें काय ठेवावयाचें, असें आमचे एक विद्वान् स्नेही आम्हांस नेहमीं विचारतात. त्यांस उत्तर द्यावें म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांस जरा दूर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं घेऊन जाणार आहों. २०२० सालच्या कोविडच्या महामारींत तेथील ग्रंथालयांचीं दारें बंद झालीं. मुलांचें अडलें तें कपाटावांचून कीं माणसावांचून, याची परीक्षा त्या वर्षीं आपोआप झाली.

परंतु प्रथम या पेशाचें कुळशील सांगितलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेंतील कित्येक सार्वजनिक ग्रंथालयांत लहान मुलांस मज्जावच असे. मुलें म्हणजे गडबड, मळके हात आणि फाटकीं पानें, ही समजूत. १८९६ सालीं ब्रुकलिन येथील प्रॅट इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयांत मिस अ‍ॅन कॅरोल मूर या बाईंनीं मुलांच्या दालनाचा कारभार हातीं घेतला. १९०६ सालीं त्या न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख झाल्या व १९४१ पर्यंत त्या जागीं राहिल्या. त्यांची एक पद्धत आम्हांस फार आवडते. मुलास स्वतःचें नांव लिहितां येऊं लागलें कीं त्यानें तें मोठ्या वहींत आपल्या हातानें लिहावयाचें, पुस्तकें जपून वापरण्याचें वचन द्यावयाचें, आणि मग पुस्तक घेऊन घरीं जावयाचें. मुंजींत बटूस व्रत देतात त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें मुलींसही तो अधिकार होता.

ही कल्पना आपल्या देशांतही लवकर आली, हें मराठी वाचकांस अभिमानानें सांगण्याजोगें आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं १९१० सालीं विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणिलें. तो तीनच वर्षें राहिला, पण तेवढ्यांत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी त्यानें बसविली. गांवोगांव लाकडी पेट्यांतून पुस्तकें फिरूं लागलीं. ज्या काळीं आमच्या घरांत मुलांच्या हातीं शालेय पुस्तकाखेरीज दुसरें पुस्तक दिसलें तर वडीलमंडळींच्या कपाळास आंठ्या पडत, त्या काळची ही गोष्ट आहे.

पुस्तकाच्या हातोहात फिरण्यानें रोगही फिरतो, ही भीति या पेशाच्या जन्मापासून त्याच्या पाठीशीं लागलेली आहे. १९०० सालीं पेनसिल्व्हेनियांतील स्क्रॅन्टन शहरीं लोहितांग ज्वराच्या सांथींत पुस्तकें देणें बंद करण्याचा हुकूम झाला. इंग्लंडांत १९०७ च्या कायद्यानें, आपणांस सांसर्गिक रोग आहे हें ठाऊक असून जो ग्रंथालयाचें पुस्तक घेईल त्यास चाळीस शिलिंगांपर्यंत दंड ठरविला. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्जरी विल्यम्स यांच्या मखमली सशाच्या गोष्टींत मुलगा तापांतून उठतो, आणि त्याचीं खेळणीं व चित्रांचीं पुस्तकें जाळून टाका असें डॉक्टर सांगतो. आज ही गोष्ट वाचतांना मुलांस सशाचें वाईट वाटतें. आम्हांस त्या पुस्तकांचेंही वाटतें.

१९१८ च्या इन्फ्ल्युएन्झांत सॅन फ्रॅन्सिस्कोनें १८ ऑक्टोबर रोजीं शाळा व नाटकगृहें बंद केलीं, लोकांस तोंडावर फडकें बांधण्याची सक्ति केली, आणि २५ नोव्हेंबर रोजीं शाळा पुन्हां उघडल्या. म्हणजे सारा व्यवहार पांच-सहा आठवड्यांचा. २०२० च्या मार्चच्या मध्यास त्याच शहरानें पुन्हां दारें लावलीं, तेव्हां तेथील सरकारी शाळांत लहान मुलें परत बसावयास एप्रिल २०२१ उजाडला. मुख्य ग्रंथालय आणि शहरभर पसरलेल्या सत्तावीस शाखा, सर्व एका दिवसांत मुलांस पारख्या झाल्या. याच संस्थेनें सहाच महिन्यांपूर्वीं, सप्टेंबर २०१९ मध्यें, उशिराचा दंड अजिबात रद्द केला होता. कारण दंडाच्या भीतीनें गरीब वस्तींतील माणसें फिरकेनाशीं होत. दार सताड उघडें करून ठेवावें आणि तेंच लावून घ्यावें लागावें, असा हा योग.

आतां बालग्रंथपालानें करावयाचें काय? दालनांत तिचें रोजचें मुख्य काम म्हणजे गोष्टीचा तास. दोन-तीन वर्षांचीं पोरें आईच्या मांडीवर, चार-पांचांचीं सतरंजीवर, आणि ही बाई मोठें चित्रपुस्तक मुलांकडे धरून, स्वतः कडेनें वाचीत बसलेली. तो तास आतां घरच्या खोलींतून, झूमच्या पडद्यावर आला. पण दुसऱ्याचें पुस्तक जाहीरपणें वाचून दाखविण्यास प्रकाशकाची संमति लागते, ही अडचण पहिल्याच आठवड्यांत उभी राहिली. मोठमोठ्या प्रकाशकांनीं मार्चमध्येंच ठराविक मुदतीपुरती व ठराविक अटींवर मोकळीक दिली. प्रकाशकाचें नांव सांगावें, मुदत संपतांच चित्रफीत काढून टाकावी, अशा त्या अटी. व्यापारी लोकांनीं एवढें औदार्य दाखविलें हें नमूद करण्यासारखें आहे.

संमति मिळाली तरी तास तोच राहिला नाहीं. आमच्याकडील चांगला हरिदास आख्यान लावतो तेव्हां त्याची एक नजर श्रोत्यांवर असते. लोक रंगले तर तो एक ओंवी अधिक घोळतो, मागच्या रांगेंत जांभई दिसली तर आटोपतें घेतो. बालग्रंथपालाची कला नेमकी हीच आहे. कोणतें मूल पान उलटण्यापूर्वींच पुढें सरसावलें, कोणतें चित्रांतल्या लांडग्यास भिऊन आईच्या पदरांत शिरलें, कोणास गोष्टीपेक्षां कोपऱ्यांतला बेडूकच आवडला, हें ती पाहत असते, आणि तास संपल्यावर त्या त्या मुलाच्या हातीं त्याचें त्याचें पुस्तक देते. पडद्यावर आवाज पोहोंचे; ही पाहणी मात्र बहुतेक बुडाली. चेहरे नखाएवढे, पुष्कळ चौकटी काळ्या, आणि यंत्राच्या गोंगाटामुळें मुलांचे आवाज बंद ठेवावे लागत.

शिवाय पडदा सर्वांच्या घरीं नव्हता. कॅलिफोर्नियांतच, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या दक्षिणेस असलेल्या सलिनास गांवीं, ऑगस्ट २०२० मध्यें दोन लहान मुली एका उपाहारगृहाबाहेरच्या फरसबंदीवर बसून, तेथील फुकट इंटरनेटवर शाळेचा अभ्यास करीत असलेलें छायाचित्र देशभर गाजलें. अमेरिकेच्या ग्रंथालय संघानें तर, इमारत बंद असली तरी तिचें वाय-फाय चालू ठेवा, असें सर्व ग्रंथालयांस मार्चमध्येंच सुचविलें होतें. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या ग्रंथालयाची टेलिफोनवर गोष्ट ऐकविण्याची जुनी सोय आहे. नंबर फिरवावा आणि इंग्रजी, स्पॅनिश किंवा चिनी भाषेंत गोष्ट ऐकावी. ज्या घरीं संगणक नाहीं तेथेंही टेलिफोन असतोच. नव्या यंत्रांच्या गलबल्यांत हें जुनें साधन आम्हांस सर्वांत शहाणें वाटलें.

दरम्यान खुद्द ग्रंथपालांस निराळेंच काम लागलें. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणें सरकारी नोकर आपत्तीच्या वेळीं लोकसेवक समजले जातात, आणि सांगितलें तें काम त्यांस करावें लागतें. एप्रिल २०२० पासून सॅन फ्रॅन्सिस्कोंतील कित्येक ग्रंथपालांस शिकवून रोग्यांच्या संपर्कांत आलेल्या माणसांचा माग काढण्यास बसविलें. अनोळखी माणसास टेलिफोन करावयाचा, तो आधींच घाबरलेला, त्यास धीर देत देत कोण कोण भेटलें हें विचारावयाचें, आणि घरांत कोंडून घेण्यास सांगावयाचें. ज्यांनीं ही योजना केली त्यांनीं ग्रंथपाल निवडले याचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. आपणांस काय हवें तें नीट सांगतां येत नाहीं अशा माणसाकडून तें हळूच काढून घेणें, हा त्यांचा नित्याचाच उद्योग. त्यांतही ज्यांनीं चार वर्षांच्या पोराकडून, "तें निळें पुस्तक, त्यांत कुत्रा होता," एवढ्या खुणेवरून पुस्तक ओळखून काढलें आहे, त्यांस हें काम काय जड! पण तितके दिवस मुलांचें काम थांबलें, हेंही खरें.

मग पुस्तकांचें सोवळें सुरू झालें. मार्च २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत हा विषाणु पुठ्ठ्यावर एक दिवस व प्लास्टिकवर तीन दिवसांपर्यंत जिवंत सांपडला होता. आणि ग्रंथालयाच्या पुस्तकास प्लास्टिकचें वेष्टन असतें. पुढें ग्रंथालयांच्या वतीनें निराळे प्रयोग झाले, त्यांत सुटीं ठेविलेलीं पुस्तकें तीन दिवसांत निर्धोक ठरलीं, पण एकावर एक रचलेल्या पुस्तकांत सहा दिवसांनींही अंश मिळाला. त्यामुळें परत आलेलें पुस्तक कोठें तीन दिवस, कोठें आठवडाभर बाजूस बसूं लागलें. जुन्या घरांतले बाजूस बसण्याचे दिवस ज्यांनीं काढले आहेत, त्या आमच्या वाचकभगिनींस हें वाचून हसूं आल्यास आम्ही दोष देणार नाहीं. शेवटीं एप्रिल २०२१ मध्यें अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण खात्यानेंच सांगितलें कीं, वस्तूंच्या स्पर्शानें हा रोग होण्याचा संभव दहा हजारांत एकाहूनही कमी. बिचारीं पुस्तकें बहुतांशीं निर्दोष होतीं!

ऑगस्ट २०२० मध्यें सॅन फ्रॅन्सिस्कोंत दारावरून पुस्तकें देण्यास आरंभ झाला. व्हर्जिनियांतील ख्रिस्चन्सबर्ग गांवीं तर त्या उन्हाळ्यांत एका शाळेच्या ग्रंथपालबाईंच्या सूचनेवरून मुलांच्या अंगणांत लहान विमानयंत्रांनीं पुस्तकें उतरविलीं; तो चमत्कार वर्तमानपत्रांनीं उचलला. परंतु खरें काम चमत्काराचें नव्हतें. दारावर उभ्या राहिलेल्या मुलास कपाटें चाळतां येत नाहींत. आणि मूल पुस्तक निवडतें तें चाळूनच. म्हणून पुष्कळ ग्रंथालयांत बालग्रंथपालच मुलाचें वय व आवड विचारून पांच-दहा पुस्तकांचा गठ्ठा बांधूं लागल्या. येथें आमच्या विद्वान् स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर आहे. यंत्रास वय कळतें. दोन वर्षांपूर्वीं याच मुलानें एकच डायनोसोरचें पुस्तक अकरा वेळां नेलें होतें, आणि आतां त्यास आजोबा वारल्यावर काय वाचावयास द्यावें, हें त्या बाईस कळतें.

हें कळण्यासाठीं ती स्वतः किती वाचते याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. बालग्रंथपालाचें वाचन बहुतेक घरीं, कचेरीच्या वेळेबाहेर, बिनपगारी चालतें. महामारींत नवीं पुस्तकें छापील न येतां पडद्यावर येऊं लागलीं. कादंबरी पडद्यावर वाचतां येईल. चित्रपुस्तकाची सारी गंमत पान उलटण्यांत, दोन पानांवर पसरलेल्या चित्रांत, ती तेथें मरते. आणि त्या वर्षांत, ज्यांचा जन्म वाचनांत गेला अशा पुष्कळांस वाचनावर चित्त ठरेना, असेंही आढळलें. तरी वाचन सुटलें नाहीं. न्यूबेरी पारितोषिक निवडणाऱ्या पंधरा जणांच्या मंडळाची सभा त्या वर्षीं प्रत्यक्ष न भरतां दुरूनच झाली, आणि जानेवारी २०२१ मध्यें तें पारितोषिक टे केलर यांच्या कादंबरीस मिळालें. त्या कादंबरींत एक मुलगी आजारी कोरियन आजीच्या घरीं राहावयास येते, आजीच्या गोष्टींतला वाघ तिला भेटतो, आणि समोरच्या बाजूस एक ग्रंथालय आहे. आजी, आजारपण, गोष्ट आणि ग्रंथालय! कादंबरी महामारीपूर्वीं लिहिलेली. पण त्या हिवाळ्यांत ती वाचणारांस काय वाटलें असेल, याची कल्पना आमच्या एकत्र कुटुंबांतल्या वाचकांस सहज येईल.

सॅन फ्रॅन्सिस्कोचें मुख्य ग्रंथालय वाचकांस आंत घेऊं लागलें तें मे २०२१ मध्यें. दार लागलें तेव्हां चार वर्षांचें असलेलें मूल तेव्हां सव्वापांच वर्षांचें झालें होतें. मोठ्या माणसाचें एक वर्षाचें वाचन पुढल्या वर्षीं भरून काढतां येतें. मांडीवर बसून ऐकण्याचें वय परत येत नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. महाराष्ट्रांत ग्रंथालयांस १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडण्याची परवानगी मिळाली. पण पहिली ते चौथीच्या शाळा डिसेंबर २०२१ पर्यंत बंदच होत्या. म्हणजे मधला बराच काळ असा गेला कीं, लहान मुलास शाळा नव्हती, आणि ग्रंथालय मात्र कायद्यानें उघडें होतें. १९६७ च्या कायद्याखालीं मान्यता पावलेलीं सुमारें बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयें त्या वेळीं या राज्यांत होतीं. त्यांतील किती ठिकाणीं त्या काळांत कोणी मुलांसाठीं गठ्ठा बांधून दिला? जेथें दिला तेथें तो कोणा तळमळीच्या माणसानें तुटपुंज्या पगारांत, आपण होऊन दिला असेल. त्यास आमचा नमस्कार. इतरत्र बालविभाग म्हणजे जिन्याखालचें एक कपाट, आणि किल्ली चिटणिसांच्या घरीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण आपापल्या गांवच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहेत. येत्या वार्षिक सभेंत अंदाजपत्रक पुढें येईल, तेव्हां मुलांच्या पुस्तकांची रक्कम किती हें ते विचारतीलच. त्याच बैठकींत, तीं पुस्तकें आधीं स्वतः वाचून मग मुलांच्या हातीं देणारें माणूस कोण, आणि त्याचा पगार कोणत्या सदराखालीं धरला आहे, हेंही त्यांनीं विचारावें. उत्तरें आलीं तर आम्ही तीं या पानावर देऊं.