नानांची ‘पंचायत’

गेल्या दिवाळीनंतर आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, टीव्हीसमोर बसणे जवळजवळ सोडून दिले. वय ८२. रोजच्या मालिकेसमोर पाच-दहा मिनिटे टेकत आणि उठून गॅलरीत जात. विचारले तर “त्यात काही राम नाही” एवढेच म्हणत. जेवताना आपण एक विचारावे आणि उत्तर भलतेच यावे, असेही होऊ लागले होते. घरात दबक्या आवाजात ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द उच्चारला जाऊ लागला, आणि एकदा हा शब्द घरात शिरला की माणसाची प्रत्येक चूक त्याच्याच खात्यावर जमा होते. या घरगुती निदानात मीही सहभागी होते, हे आधीच कबूल करते.

त्या दिवसांत सुटीवर आलेल्या नातवाने त्यांना ‘पंचायत’ ही हिंदी वेब मालिका लावून दिली. नाना ३४ वर्षे ग्रामसेवक होते. तेव्हा एका ग्रामपंचायतीच्या सचिवाची गोष्ट त्यांना पाहू द्यावी, एवढाच त्याचा हिशेब. शहरातला एक तरुण नाइलाजाने उत्तर प्रदेशातल्या फुलेरा नावाच्या गावी सचिव म्हणून येतो, पंचायतीच्या कार्यालयातच राहतो. सरपंचपदावर पत्नी, कारभार पाहणारा पती. कार्यालयातला मॉनिटर चोरीला जातो, लग्नातल्या नवरदेवाला सचिवाची चाकांची खुर्चीच हवी असते, प्रधानजी येताजाता दुधी भोपळे देतात. नाना हसले. आमच्यापेक्षा क्षणभर उशिरा, पण हसले. दुसऱ्या दिवशी चारच्या चहानंतर स्वतःहून म्हणाले, “सूनबाई, तो सचिव लाव.”

अशा मालिकांविषयी या सदरात लिहावे, असे तेव्हापासून मनात होते. कमी खर्चात घडवलेल्या मालिका हा आता भारतीय मनोरंजनाचा एक मोठा प्रांत झाला आहे. ‘टीव्हीएफ’ या संस्थेने २०१४ साली ‘पर्मनंट रूममेट्स’ यूट्यूबवर आणली, तेव्हा दोन माणसे, एक खोली आणि चांगले संवाद एवढ्या भांडवलावर प्रेक्षक खिळवून ठेवता येतो, हे दिसले. पुढे त्याच संस्थेची ‘गुल्लक’ आली, २०१९ मध्ये. उत्तर भारतातल्या एका लहान शहरातले मिश्रा कुटुंब, वीज मंडळात काम करणारे वडील, दोन मुलगे आणि आई. ही आई आपल्या गीतांजली कुलकर्णी यांनी इतकी सहज उभी केली आहे की कोणाही मराठी घरच्या स्वयंपाकघरात ती खपून जावी. मराठीत त्याच वर्षी ‘आणि काय हवं’ आली. प्रिया बापट आणि उमेश कामत यांनी रंगवलेले एक जोडपे, त्यांचे घर आणि त्यांच्या लहानसहान आनंदांची गोष्ट. ‘पंचायत’ला आज कमी खर्चाची म्हणता येईल की नाही, यावर वाद होईल, पण तिची घडण याच कुळातली आहे.

वृद्धांच्या दृष्टीने या मालिकांचे बळ त्यांच्या गरिबीतच आहे. पैसा नसल्यामुळे पाठलाग नाहीत, स्फोट नाहीत, क्षणाक्षणाला बदलणारी दृश्ये नाहीत. एकच घर, एकच कार्यालय, तीच पाच-सहा माणसे. ज्यांची दृष्टी आणि लक्ष दोन्ही पूर्वीच्या वेगाने धावत नाहीत, त्यांना हे मानवते. चेहरे लक्षात राहतात. काल पाहिलेला माणूस आज त्याच बाजेवर बसलेला सापडतो. शिवाय भाग सहसा वीस ते चाळीस मिनिटांचा. एका बैठकीत तीन तास पाय लोंबकळत ठेवून बसणे घोट्यांच्या सुजेला आणि आखडलेल्या गुडघ्यांना निमंत्रण असते. भाग संपला की उठून घरातल्या घरात चार फेऱ्या, असा नेम नानांच्या बाबतीत सहज जमला. मात्र पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवावी लागते, नाहीतर उठण्याची वेळ येतच नाही.

दुसरे बळ अधिक मोलाचे. या मालिका दुःखाला घाई करत नाहीत. ‘पंचायत’च्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटी उपप्रधान प्रल्हाद यांचा सैन्यात असलेला एकुलता एक मुलगा जातो. तिसऱ्या पर्वात फैसल मलिक यांनी साकारलेला हा बाप गावात नुसता हिंडत राहतो. घरी जायला पाय उचलत नाही. दैनंदिन मालिकेत या प्रसंगाला ढगांचा गडगडाट आणि तीनदा वळणारी मान मिळाली असती. इथे काही नाही, फक्त माणसे त्याला एकटे पडू देत नाहीत. आमच्या सासूबाई जाऊन त्या वेळी दीड वर्ष झाले होते. मी घाबरून रिमोट हातात घेतला, तर नाना म्हणाले, “राहू दे.” भाग संपल्यावर त्यांनी सासूबाईंच्या आजारपणातल्या शेवटच्या आठवड्याविषयी काही सांगितले. ते मला तोवर ठाऊक नव्हते.

अशा वेळी काळजी घेणाऱ्याने मालिका बंद करावी की चालू ठेवावी? माझे मत असे की शेजारी बसावे आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. मात्र त्यानंतर झोप उडाली, जेवण कमी झाले, किंवा दिवसभर तोच विषय डोक्यात राहू लागला, तर डॉक्टरांशी बोलायला हवे. मालिकेने दार उघडले म्हणजे उपचार झाला असे नाही.

आता दुबळी बाजू. ती आमच्या घरी फार वेगळ्या रीतीने समोर आली.

‘पंचायत’ संपत आली तसे मी मराठी काही शोधू लागले. यूट्यूबवर ग्रामीण मराठी मालिकांचा मोठा संसार आहे. सातारा भागातली ‘गावाकडच्या गोष्टी’, बारामती परिसरातली ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ अशा कितीतरी. गावातलीच माणसे, गावातलीच घरे, आणि कानाला तृप्त करणारी बोली. नानांची नोकरी साताऱ्याकडे झालेली. ही भाषा त्यांची रक्ताची. ते खूश होतील अशी माझी खात्री होती. एके दिवशी अशीच एक मालिका लावली, तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, आणि सात-आठ मिनिटांत नाना उठून गॅलरीत गेले. “त्यात काही राम नाही.” हिंदीतला फुलेरा समजतो आणि आपल्या मातीतली गोष्ट समजत नाही, हे कोडे होते. मी तोच भाग पुन्हा लावून डोळे मिटून ऐकला. शेतातले दृश्य होते. वारा ध्वनिग्राहकावर सरळ आदळत होता, दूर कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, दोन माणसे पाठमोरी बोलत होती आणि वर संगीत. मी ५४ वर्षांची. मलाही तीन वाक्यांतले एक निसटत होते. कोडे उलगडले. नानांची समज शाबूत होती, ऐकणे हरवले होते.

कमी खर्चाच्या निर्मितीत पहिली कात्री बहुधा ध्वनीवर चालते. चित्र बिघडले तर लगेच दिसते. आवाज बिघडला तर तरुण कान तो भरून काढतो. चांगला ध्वनिमुद्रक, पुरेसे ध्वनिग्राहक, नंतर शांत खोलीत संवाद पुन्हा म्हणवून घेण्याचा वेळ, हे सारे पैशाचे काम. लहान फ्लॅटमध्ये चित्रण केले तर मोकळ्या भिंतींवरून आवाज घुमतो, पंखा आणि रस्ता त्यात मिसळतात. संवादातली दुबळी जागा झाकायला पार्श्वसंगीत वाढवले जाते, आणि ते नेमके शब्दांवर बसते.

उतारवयातली श्रवणहानी बहुतेकदा उंच पट्टीच्या ध्वनींपासून सुरू होते. आवाजाचे वजन स्वरांत असते, पण शब्द ओळखू येतो तो स, श, फ, थ, ख यांसारख्या बारीक व्यंजनांवरून, आणि तीच आधी पुसट होतात. त्यामुळे वृद्ध माणूस म्हणतो, “ऐकू येते, पण कळत नाही.” ही तक्रार अक्षरशः खरी असते. आवाज वाढवून ती मिटत नाही. आधीच मोठे असलेले ध्वनी आणखी मोठे होतात आणि कानाला त्रास देतात. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढणे तर याहून अवघड. जेवणाच्या टेबलावर भांडी वाजत असताना नाना भलतेच उत्तर का देत होते, हे तेव्हा मला समजले आणि स्वतःची लाजही वाटली.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी दोन्ही कानांतला मळ काढला, मग श्रवणचाचणी केली. दोन्ही कानांत मध्यम हानी निघाली. न ऐकू येणारा माणूस हळूहळू बोलणे टाळतो, एकटा पडतो. २०२० साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींत श्रवणहानीचा समावेश केला आहे. म्हणून विस्मरणाची शंका आल्यास त्याची तपासणी करावीच, पण कानांची चाचणी मागे ठेवू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण तिथे उशीर महागात पडतो.

घरच्या घरी काही गोष्टी करता येतात. पातळ टीव्हीचे स्पीकर पुष्कळदा मागे किंवा खाली तोंड करून असतात; समोर तोंड असलेला लहानसा वेगळा स्पीकर खुर्चीजवळ ठेवला तरी फरक पडतो. बऱ्याच टीव्हींमध्ये संवाद स्पष्ट करणारी ध्वनीची निवड असते, ती शोधावी. यूट्यूबवर वेग थोडा कमी करता येतो. उपशीर्षके अनेकदा इंग्रजीतच असतात, ती आमच्या घरी निरुपयोगी ठरली. हिंदीत मिळाली तर नाना वाचतात. आणि पाहताना पंखा मंद, स्वयंपाकघराचे दार बंद.

इतर उणिवा थोडक्यात सांगते. यश मिळाले की गोष्ट ताणली जाते. ‘पंचायत’चे चौथे पर्व निवडणुकीच्या रस्सीखेचीत मला फार रेंगाळलेले वाटले. शिवाय २०२०, २०२२, २०२४ अशी पर्वे येणार असतील, तर ८२ वर्षांच्या माणसाने वाट कशी पाहायची, हा नानांचा प्रश्न आहे, आणि तो ते हसत विचारतात. शिव्यांचे प्रमाण काही मालिकांत इतके असते की सासरा आणि सून दोघेही भिंतीकडे पाहू लागतात. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटी मंचांना कार्यक्रमांवर वयोगटाचे वर्गीकरण दाखवावे लागते, ते आधी पाहून घ्यावे. यूट्यूबवरच्या खासगी वाहिन्यांना तशी सक्ती नाही, तिथे पहिला भाग आपण एकट्याने पाहिलेला बरा. तिथल्या जाहिरातींतली सांधेदुखीची तेले आणि साखर उतरवणारी चूर्णे ही वेगळीच डोकेदुखी. आमच्याकडे त्यांतले एक तेल येऊन पोहोचलेही होते.

मला अधिक खटकते ते म्हणजे म्हातारी माणसे. अनेक मालिकांत आजोबा फक्त चष्मा शोधतात आणि आजी फक्त नवस बोलते. ‘पंचायत’च्या तिसऱ्या पर्वातली, घरकुलासाठी बेरकीपणा करणारी अम्माजी मला म्हणूनच आवडली. आभा शर्मा यांनी रंगवलेल्या या म्हातारीला स्वतःचा डाव आहे.

गेल्या महिन्यात नानांना श्रवणयंत्रे मिळाली. पहिले काही दिवस भांड्यांचा, चपलांचा, स्वतःच्या चावण्याचा आवाजही त्यांना सोसवेना. यंत्राची सवय हळूहळू, रोज थोडा वेळ वाढवत करावी लागते. नंतर त्यांनी ‘पंचायत’ पहिल्या भागापासून पुन्हा सुरू केली. तीन भाग पाहून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “सूनबाई, यात गाणेबजावणे आहे हे तुम्ही मला कधी सांगितले नाहीत. जरा जास्तच वाजवतात.”