सूत्रांचें पाठांतर म्हणजे संख्याशास्त्र नव्हे

महाविद्यालयांत संख्याशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या विद्यार्थ्यास मध्य, मध्यक, बहुलक व प्रमाण विचलन हीं काढतां येतात. सहसंबंधगुणांकही तो चार दशांशस्थळांपर्यंत बिनचूक काढतो. परंतु पुढ्यांतील आंकडे कोणीं, कोठून व कशाकरितां गोळा केले असें त्यास विचारावें, तर तो गोंधळून जातो. वर्षभरांत हा प्रश्न त्यास कोणीं विचारलेलाच नसतो! ह्यांत दोष विद्यार्थ्याचा नाहीं. ज्या शिक्षणक्रमांत आंकडे आकाशांतून पडल्याप्रमाणें पुस्तकांत अवतरतात, त्या शिक्षणक्रमाचा हा दोष आहे. आणि तो स्पष्टपणें बोलून दाखविणें आम्हांस अवश्य वाटतें.

ह्यावर रूढ पद्धतीचे अभिमानी म्हणतील कीं, आधीं हात बसला पाहिजे, समज मागाहून येते; पावकी-निमकी पाठ केल्यावांचून कोणी जमाखर्च शिकला आहे काय? दृष्टांत ठीक आहे, पण तो त्यांच्यावरच उलटतो. पावकी पाठ करणाऱ्या मुलास ती वाण्याच्या दुकानांत लागलीच उपयोगी पडत असे. आमच्या विद्यार्थ्याची समज मागाहून येणार ती केव्हां? पुष्कळांचा हा पहिला अभ्यासक्रमच शेवटचा असतो. शिवाय ज्या आंकडेमोडींत त्याचे तास खर्चीं पडतात, ती आज खिशांतलें यंत्र क्षणांत करून देतें. यंत्रास जें येत नाहीं तें शिकवावयाचें सोडून, येतें तेवढेंच माणसाकडून घटवून घेणें ह्यास शिक्षण कसें म्हणावें?

ह्या शास्त्राचा इतिहासच आमच्या बाजूनें साक्ष देतो. १९३६ सालीं अमेरिकेंतील 'लिटररी डायजेस्ट' ह्या साप्ताहिकानें अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं सुमारें १ कोटि मतपत्रिका टपालानें पाठविल्या. २४ लक्षांच्या आसपास परत आल्या. त्यांवरून लँडन निवडून येणार असें भाकित त्यानें केलें. प्रत्यक्षांत ४८ पैकीं ४६ राज्यांनीं रूझवेल्ट ह्यांस कौल दिला. बेरीज चुकली नव्हती. नांवें टेलिफोनधारकांच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेलीं, आणि उत्तर पाठविणारे व न पाठविणारे ह्यांच्या मतांतही अंतर, अशी दुहेरी चूक होती.

पण इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत पिकांचें उत्पन्न अजमावण्याच्या रीतीचा कसून अभ्यास केला. शेतांतील एक तुकडा यदृच्छेनें निवडावयाचा, तेवढेंच पीक कापून तोलावयाचें व त्यावरून एकरीं उत्पन्न ठरवावयाचें, अशी ती रीत. तुकडा फार लहान घेतला तर अंदाज खऱ्याहून अधिक येतो, असें त्यांनीं दाखवून दिलें. कारण काय? हद्दीवरचें रोप आंत धरावें कीं बाहेर असा संशय आला म्हणजे कापणाऱ्याचा हात तें आंत ओढतो. आणि तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानानें त्याची हद्द मोठी. असे हजार तुकडे कापले तरी ही चूक सरासरींत विरत नाहीं, कारण ती नेहमीं एकाच बाजूस झुकते. आज पीकविम्याची भरपाई ठरवितांना पीक-कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. तेव्हां उत्पन्नाचा आंकडा फुगला तर कोणाचें नुकसान होईल, हें सांगावयास नकोच. रोपाजवळ उभें राहून पाहिल्यावांचून कोणतेंही सूत्र ही चूक दाखवूं शकत नाहीं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पहिल्या आठवड्यांतच विद्यार्थ्यांनीं स्वतः आंकडे जमवावे. वसतिगृहांतील मुलें रोज किती तास अभ्यास करतात हें कांहींनीं वाचनालयांत विचारावें, कांहींनीं खानावळींत. दोन सरासऱ्या निरनिराळ्या आल्या म्हणजे नमुना कसा निवडावा हा प्रश्न त्यांस आपोआप सुचेल. मग प्रमाण विचलन खुशाल शिकवावें. तें कशासाठीं हें त्यांस ठाऊक असेल. परीक्षेंतही उत्तराखालीं एक ओळ मागावी: ह्या मोजणींतून कोण सुटले?

निकाल लागला म्हणजे मुलास किती गुण पडले हें आपण सारेच विचारतों. त्यानें वर्षभरांत एक तरी आंकडा स्वतः जमविला काय, हेंही पालकांनीं विचारण्यास आरंभ करावा. हा प्रश्न घरोघर विचारला जाऊं लागला, तर महाविद्यालयांस तो फार दिवस टाळतां येणार नाहीं.