चिठ्ठी मागणाऱ्या मेडिकलवाल्याचं गिऱ्हाईक तुटतं!

आपल्या तालुक्यात माणूस आजारी पडला की आधी मेडिकलवर जातो, डॉक्टरकडं नंतर. गेलाच तर. "भाऊ, गजकर्णाची ट्यूब द्या, मांगच्या वेळची, लय लवकर आराम पडला होता." ती ट्यूब बरेचदा स्टेरॉइडवाली असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते, आणि काही महिन्यांनी तोच माणूस अमरावतीला स्किनच्या डॉक्टरसमोर बसलेला असतो. 2018 मध्ये सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर.

आता खरा फार्मासिस्ट म्हणाला, "चिठ्ठी आणा", तर काय होतं? गिऱ्हाईक चार पावलं पुढच्या दुकानात जातं. तिथं मिळते. दुसऱ्या दिवशी बीपीच्या गोळ्याही तिथूनच घेतं.

फार्मसी प्रॅक्टिसचे 2015 चे नियम सांगतात की औषध कसं घ्यायचं, काय त्रास होऊ शकतो, हे रुग्णाला समजावणं फार्मासिस्टचं कर्तव्य आहे. मान्य. पण या कामाचा मोबदला? शून्य. सरकारनं भाव बांधलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराचं मार्जिन 16 टक्के. दहा रुपयांच्या स्ट्रिपवर दीड रुपयाही सुटत नाही. त्यात दुकानाचं भाडं, लाइट बिल, पोराचा पगार आणि वरून म्हाताऱ्या आजीला इन्सुलिन कसं टोचायचं ते पंधरा मिनिटं शिकवा! ज्याचं चांगलं काम कधीकधी औषध न देण्यात आहे, त्याचं पोट आपण फक्त विक्रीवर बांधून ठेवलं आहे.

इंग्लंडमध्ये जानेवारी 2024 पासून घसा, कान अशा सात साध्या आजारांसाठी फार्मासिस्टनं तपासून सल्ला दिला की सरकार त्याला दर रुग्णामागं पैसे देतं; सुरुवातीला ते 15 पौंड होते. आपल्याकडं पौंड नका देऊ. बीपी, शुगर, टीबीच्या रुग्णाच्या गोळ्या मध्येच बंद होत नाहीत ना, हे पाहणाऱ्या फार्मासिस्टला ग्रामीण रुग्णालयाशी जोडा आणि रुग्णामागं वीस-पंचवीस रुपये तरी द्या.

मेडिकलवाले भाऊ आता खूश झाले असतील. थांबा. 1948 च्या फार्मसी कायद्यानुसार औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. मग भिंतीवरच्या फ्रेममध्ये सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर दहावी झालेलं पोरगं, हे काय आहे? महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना त्यांनी हाच आग्रह धरला, तर राज्यात बंद पुकारले गेले. आणि 28 सप्टेंबर 2018 ला ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध देशभर बंद झाला तेव्हा ओरड काय होती? फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय औषध विकलं तर रुग्णाच्या जिवाला धोका! अगदी बरोबर. मग तो धोका आपल्या काउंटरवर कसा काय नसतो? सर्टिफिकेट भाड्यानं देणारे आणि घेणारे, दोघंही त्या चिठ्ठी मागणाऱ्या प्रामाणिक माणसाच्या पोटावर पाय देताहेत.

तुमच्या गल्लीतल्या मेडिकलवर फार्मासिस्ट स्वतः बसतो का? कमेंटमध्ये लिहा. दुकानाचं नाव टाकू नका, फक्त हो किंवा नाही. किती "नाही" येतात ते घेऊन मी अमरावतीच्या एफडीए ऑफिसात जाणार आहे.