भाडोत्री नांगराचा हिशेब

बोळिंजच्या एखाद्या यंत्रवाल्यापुढे आज जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर पाहता त्याच्या घरचा आहे. त्याच्यापाशी एक पॉवर टिलर, एक जुना ट्रॅक्टर, एक मळणीयंत्र आणि हाताशी एक चालक असतो. आगाशी, नंदाखाल, उमराळे या टापूतील शेते तो भाड्याने नांगरून देतो, चिखलणी करतो, दिवाळीच्या सुमारास भात झोडून देतो. धंदा बरा चालतो. किंबहुना पावसाळ्याच्या तोंडावर तो इतका चालतो की, निम्म्या गिऱ्हाइकांना ‘परवा येतो’ असे सांगून वाटेला लावावे लागते. मग घरात विचार सुरू होतो. दुसरा ट्रॅक्टर घ्यावा काय? कापणीचे यंत्र आणावे काय? सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. भाड्याने औजारे देणाऱ्या केंद्रांसाठी केंद्र सरकारच्या यांत्रिकीकरण योजनेत ४० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. विक्रेता कर्जाचे कागद घेऊन दारात उभा असतो. इतकी अनुकूलता एकत्र आल्यावर नको म्हणणारा माणूस करंटाच ठरायचा!

तथापि या निर्णयात एका घराच्या नफ्यातोट्याहून अधिक काही गुंतलेले आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात बैल पाळणे केव्हाच परवडेनासे झाले. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. वसईच्या वाड्यांत वाटण्या होऊन उरलेले तुकडे तर गुंठ्यांत मोजावे लागतात. वीस गुंठ्यांचा धनी ट्रॅक्टर विकत घेऊ शकत नाही, बैलजोडी सांभाळू शकत नाही, आणि त्याचा मुलगा सकाळच्या लोकलने चर्चगेटला जातो. अशा माणसाची शेती चालते ती भाडोत्री नांगरावर. तो नांगर एका वर्षी वेळेवर आला नाही तर खाचरात गवत माजते, दुसऱ्या वर्षी बांध फुटतात, आणि तिसऱ्या वर्षी जमीन पाहायला येणारा माणूस शेतकरी नसतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईसाठी जो लढा उभा राहिला, त्याने मोर्चे काढले, तुरुंग पाहिले. १९९० मध्ये या परिसराच्या नियोजनाची सूत्रे सिडकोकडे गेली, २००९ मध्ये महानगरपालिका आली. या साऱ्या उलथापालथीतून जी हिरवळ टिकून राहिली आहे, ती टिकवण्याचे काम आता काही अंशी या यंत्रवाल्याच्या डिझेलवर चालते. उद्या तो कर्जात बुडाला, तर त्याच्याबरोबर पन्नास शेते बुडतात. म्हणूनच त्याच्या विस्ताराचा विचार चारचौघांत व्हायला हरकत नाही.

विस्ताराच्या बाजूने एकच युक्तिवाद मांडला जातो आणि तो मोहक आहे: गिऱ्हाईक परत जाते, म्हणजे मागणी आहे. येथेच खरी मेख आहे. गिऱ्हाईक परत जाते ते केव्हा? कोकणात भाताची चिखलणी पाऊस धरल्यावरच होते, आणि रोपे लावणीला आली की कोणीही आठ दिवस थांबत नाही. सर्वांना यंत्र हवे असते ते एकाच पंधरवड्यात. सुगीतही तीच गत. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाने भात आडवे होण्याआधी कापणी उरकायची असते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तेच यंत्र पडवीत उभे असते आणि त्यावर कोंबड्या बसतात. पंधरा दिवसांची गर्दी ही बारा महिन्यांची मागणी समजणे, हाच या धंद्यातला सनातन भ्रम होय.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. समजा, ट्रॅक्टर व रोटाव्हेटर मिळून ९ लाखांना पडले, पदरचे २ लाख घातले आणि ७ लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले. मासिक हप्ता सुमारे १५ हजार २०० रुपये, म्हणजे वर्षाला जवळजवळ १ लाख ८३ हजार. डिझेल, चालकाचा रोज आणि किरकोळ दुरुस्ती वजा जाता तासाला ४०० रुपये शिल्लक राहतात असे धरले, तर केवळ हप्ता फेडण्यास वर्षाला साडेचारशेहून अधिक तास काम हवे. चिखलणीचे पंचवीस दिवस रोज आठ तासांप्रमाणे धरले तरी होतात २०० तास. तेही पाऊस मध्येच उघडला नाही, यंत्र बिघडले नाही आणि एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर जाताना विरारच्या रहदारीत तास मोडला नाही, तर! घरच्यांच्या पोटाला लागणारा पैसा या हिशेबात अद्याप आलेलाच नाही. ट्रॅक्टर वर्षाला सुमारे एक हजार तास चालेल असे कृषी अभियांत्रिकीच्या ढोबळ गणितात धरतात. ते गणित एकामागून एक पीक निघणाऱ्या सपाट मुलखाचे आहे. पंजाबचे कापणीयंत्रवाले पिकाचा माग काढीत राज्याराज्यांतून फिरतात आणि हे तास भरून काढतात. बोळिंजच्या माणसाने कोठवर फिरावे?

मागणीआधी विस्तार केला म्हणजे काय होते, हे पाहायला बोळिंजकराला लांब जावे लागत नाही. त्याच्या गावातच म्हाडाने हजारो घरांची वसाहत उभारली, आणि पाण्याच्या अडचणीमुळे त्यांतली सुमारे ५ हजार घरे २०२३ मध्येही गिऱ्हाइकाची वाट पाहत होती. पुढे सूर्या प्रकल्पाचे पाणी आले, विक्रीही वाढली. परंतु शासनाच्या मंडळाला वर्षानुवर्षे वाट पाहणे झेपते. त्याचे घर कोणी जप्त करीत नाही.

यंत्राचा आकार हीदेखील दुर्लक्ष करण्याजोगी बाब नाही. मोठे कापणीयंत्र खाचरात शिरायचे तर बांध फोडावा लागतो, ओल्या जमिनीत ते रुतते, आणि भाताचा पेंढा तोडून-मोडून टाकते. हा पेंढा फुकाचा माल नव्हे. तबेल्यांना तो लागतो, आणि कित्येक ठिकाणी भाताने न दिलेला पैसा पेंढाच देतो. शेतकऱ्याचा पेंढा गमावून त्याचे भात कापून देणाऱ्याला दुसऱ्या वर्षी बोलावणे येत नाही. लहान, हाताने ढकलत चालवण्याचे कापणीयंत्र पेंढा अखंड ठेवते. ते दिसायला मात्र रुबाबदार नसते, आणि औजारांच्या खरेदीत रुबाबाचा वाटा किती असतो, हे कबूल करायला कोणी तयार नसते.

तेव्हा विस्तार करूच नये काय? करावा, पण तो आडवा. वसईचा पश्चिम भाग हा केवळ भाताचा मुलूख नव्हे. येथे केळीच्या बागा आहेत. आगाशीच्या परिसरात राजेळीची सुकेळी होतात. भाजीचे वाफे आहेत, फुलझाडे आहेत, पानवेली आहेत, माड आहेत. या वाड्यांना जे काम लागते ते सुट्या सुट्या दिवसांत, वर्षभर विखुरलेले असते: तण काढणे, फवारणी, वाफे पाडणे, नारळ पाडणे, केळीचा पाला बारीक करून कुजवणे, बावखलातला गाळ उपसणे. माडावर चढणारा माणूस मिळेनासा झाला आहे, हे तर प्रत्येक वाडीवाला सांगतो. यांतल्या बहुतेक कामांची औजारे ट्रॅक्टरच्या तुलनेत नाममात्र किमतीची आहेत, अरुंद पाणंदीतून जातात आणि पावसाची वाट पाहत नाहीत. पडवीतल्या यंत्राचे रिकामे महिने भरणे हा विस्ताराचा पहिला अर्थ असायला हवा. दुसरे यंत्र आणून रिकामे महिने दुप्पट करण्यात शहाणपण नाही.

शासनाची नजर मात्र नेमकी उलट दिशेला आहे. अनुदान मिळते ते यंत्राच्या खरेदीवर. पूर्वसंमती घ्यावी, यंत्र आणावे, पावती जोडावी, मग पैसे खात्यात येतात. त्या यंत्राने पुढे किती एकर नांगरले, याची विचारपूस कोणी करीत नाही. सरकारी पैशाचा हेतू लहान शेतकऱ्याला वेळेवर नांगर मिळावा हा असेल, तर ज्याने वीस गुंठ्यांचे तुकडे नांगरले त्याला त्या कामामागे काही द्यावे, हे सोपे व न्याय्य झाले असते. बँकांचेही तेच. यंत्राचे दरपत्रक आणि घराचा उतारा त्या मागतात, गेल्या दोन हंगामांची रोजवही मागत नाहीत. कर्ज फिटायचे ते त्या वहीतल्या तासांतून, हे ठाऊक असूनही!

पंधरवड्याची गर्दी निभावण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो परदेशातला असला तरी वसईच्या स्वभावाला मानवणारा आहे. बव्हेरियातील बुखहोफेन या गावी १९५८ मध्ये एरिक गायर्सबर्गर यांच्या कल्पनेतून शेतकऱ्यांचे पहिले यंत्रमंडळ निघाले. ज्याचे यंत्र रिकामे, त्याने ते दुसऱ्याच्या शेतावर न्यावे, आणि मध्ये बसलेल्या एका माणसाने पाळ्या व भाडे यांची नोंद ठेवावी, एवढाच त्याचा व्यवहार. पुढे ही मंडळे जर्मनीभर पसरली. ज्या वसईने १९१८ मध्ये कॅथॉलिक सहकारी बँक काढून चालवून दाखवली, तिला चार गावांतल्या चार ट्रॅक्टरवाल्यांच्या पाळ्यांची एक वही चालवणे अवघड जाऊ नये. खारपट्ट्याकडची चिखलणी आणि वरच्या शेतांची चिखलणी नेमक्या एकाच दिवशी येत नाही. त्या दोनचार दिवसांच्या फरकात परस्परांची यंत्रे फिरू शकतात. स्पर्धेच्या भीतीने हे आजवर घडलेले नाही, आणि ती भीती अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही, कारण गिऱ्हाईक एकदा दुसऱ्याच्या हाती गेले की ते परत येईलच असे नाही. भाड्याचा दर सर्वांनी एकच ठेवल्यास मात्र ही धास्ती बरीच ओसरते.

नव्या ट्रॅक्टरच्या कागदावर सही करण्यापूर्वी बोळिंजच्या त्या यंत्रवाल्याने एक काम करावे. गेल्या दोन हंगामांत परत पाठवलेली गिऱ्हाइके आठवून, विचारून, तारीखवार लिहून काढावी. कोणाचे किती गुंठे, कोणत्या दिवशी, आणि तो पुढे किती दिवस थांबायला तयार होता. त्या यादीतली बहुतेक नावे जुलैच्या एकाच आठवड्यात पडली, तर शेजारच्या गावातला ट्रॅक्टरवाला गाठावा आणि विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवावे. ती नावे नोव्हेंबरपासून मेपर्यंत विखुरलेली निघाली आणि त्यांतले दहाजण तरी आगाऊ पैसे द्यायला तयार झाले, तर सही करायला हरकत नाही. फक्त घराचा उतारा तारण न ठेवता.